दारी आलेल्याला वीट द्या

(हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा येथील माळकरी मंडळींपुढे केलेल्या निरूपणावरून)

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

सज्जनहो,

पंढरीच्या वाटेने निघालेल्या वारकऱ्याला कोणी विचारले, "बाबा, कोणाच्या भेटीला निघालात?" तर तो म्हणेल, "विठोबाच्या." पुढे विचारले, "विठोबा तेथे कोणासाठी उभा आहे?" तर म्हणेल, "भक्त पुंडलिकासाठी." आणि "हा पुंडलीक कोण?" असे विचारले, की उत्तर थेट आपल्या घराच्या उंबरठ्यावर येऊन पोचते. पुंडलीक हा काही अरण्यात तप करीत बसलेला ऋषी नव्हे. परंपरा सांगते की तो आधी आईबापांना छळणारा मुलगा होता. काशीच्या वाटेवर त्याने म्हाताऱ्यांचे हाल हाल केले. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तो पालटला आणि आईबापांच्या पायाशी येऊन बसला. त्याची ती सेवा पाहण्यासाठी वैकुंठीचा राणा दारी आला. म्हणजे पाहा, एक बिघडलेले घर सुधारले आणि त्या सुधारलेल्या घरापाशी देव येऊन थांबला. आपले क्षेत्र उभे राहिले ते असे.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भाची. रखुमाई ही आपली माहेरवाशीण. आर्वीकडून गेले की वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर लागते. ते तिचे माहेर. तेथून रखुमाईची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरीस जाते आणि सदाराम महाराजांनी १५९४ साली ती सुरू केली असे मानतात. आता ही रखुमाई पंढरीस आली कशी? रुसून आली! द्वारकेत मनाविरुद्ध घडले, बोलायला जागा उरली नाही, तेव्हा ती उठली आणि दिंडीरवनात येऊन बसली. आजही पंढरीच्या राउळात रखुमाईचा गाभारा वेगळा आहे, आणि जुनी माणसे त्याचे कारण हेच सांगतात. पण त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. रुसलेल्या घरधनिणीला शोधीत देव स्वतः निघाला. 'बसू दे रुसून, येईल आपल्या पायांनी' असे तो म्हणाला नाही. गोकुळ, गोवर्धन शोधीत तो भीमेच्या काठी आला.

आता सांगा, आपल्या दैवताच्या घरातही रुसवा होता, आपल्या आद्य भक्ताच्या घरातही कलह होता. मग आपल्या घरात काही अडचण आहे हे सांगायला आपण इतके का लाजतो? आजच्या निरूपणाचा विषय तो आहे. घरातली अडचण घरात उघडी बोलावी, आणि दारी आलेल्या बदलाला, पुंडलिकाने देवाला दिली तशी, वीट द्यावी.

हिंगणी हे बोर नदीच्या खोऱ्यातले गाव. जवळ बोरचे धरण आहे आणि जंगल तर अगदी लागूनच. हे जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. घोराडला केजाजी महाराजांच्या स्थानी, विठ्ठलाच्या पायी लागणारी ही माणसे. गळ्यात माळ, मुखी नाम, आणि वावरात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. रात्री रोही आणि रानडुकरे पीक खाऊ नयेत म्हणून घरधनी जागलीला जातो. तो पहाटे घरी येतो तेव्हा बायको मजुरीला निघालेली असते, मुलगा सेलूच्या नाहीतर वर्ध्याच्या गाडीला गेलेला असतो. एका छपराखाली पाच माणसे, पण पाचही जण एका वेळी बसलेले महिनोन् महिने दिसत नाहीत. जेवण होते, झोप होते, कामाचे बोलणे होते. 'खत आणलं काय?' 'गॅस संपला.' 'पोराची फी भरायची हाये.' एवढेच. मनातले बोलणे मात्र मनातच कुजते.

ताटी कोणी उघडविली?

बोलण्याचा महिमा पाहायचा तर आळंदीच्या त्या चार भावंडांकडे पाहावे. आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेले. असे असता एके दिवशी ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्यांनी पुढे जगाला ज्ञान दिले ते ज्ञानोबाराय! त्यांच्याही मनाला लागले. मग ताटी उघडविली कोणी? धाकट्या मुक्ताबाईने. ती दाराशी उभी राहून बोलली. त्या बोलण्याचे ताटीचे अभंग झाले, ते आपण सर्व जण म्हणतो. पण म्हणताना एक गोष्ट निसटते. ती चौघांत धाकटी होती, आणि मुलगी होती. तिने थोरल्या भावाला चार शब्द सांगितले आणि ज्ञानोबांनी ते ऐकले. 'तू लहान, तुला काय कळते' असे आतून उत्तर आले असते तर ताटी उघडलीच नसती.

आता आपण आपल्या घराकडे वळू. आपल्या घरात मुक्ताई नाही का? आहे. लेक आहे, सून आहे, नात आहे. पण ती बोलू लागली की आपण काय म्हणतो? 'मोठ्यांच्या मधात बोलू नये.' अहो, दिंडीत आपण काय करतो? वारीत लहान पोराच्याही पायी आपण लागतो, कारण त्याच्या ठिकाणी विठ्ठल आहे असे आपण मानतो. टाळकरी वृद्ध असो की दहा वर्षांचा, उराउरी भेट होते. मग जो विठ्ठल दिंडीतल्या परक्या पोरात आहे, तो आपल्या सुनेत नाही काय? पंढरीच्या वाळवंटात सगळ्यांच्या पायी पडणारा माळकरी घरी येऊन सुनेला गप्प बसवीत असेल, तर त्याची वारी वेशीपाशीच संपली असे समजावे. ती घरात आलीच नाही.

लपविलेले कर्ज

आता जरा जड विषय. पण तो टाळून पुढे गेलो तर या जिल्ह्यात बोलण्याला अर्थ नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सारा देश हळहळला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, आणि त्या सहांमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर आपला वर्धा होता. कापसाचा भाव, पावसाचा लहरीपणा, महागडे बियाणे, खाजगी सावकारी, अशी कारणे पुष्कळ आहेत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभ्या कपाशीचे काय केले तेही आपण पाहिले. ही कारणे एका घराच्या हातातली नाहीत, आणि 'घरात बोला म्हणजे कर्ज फिटेल' असे सांगणारा प्रवचनकार खोटा. पण एक गोष्ट घराच्या हातातली आहे. कित्येक घरांत असे होते की घरधन्यावर किती कर्ज आहे, कोणाचे आहे, कधी फेडायचे आहे, हे त्याच्या बायकोला तो गेल्यावर कळते. दारात सावकार उभा राहतो तेव्हा कळते. जिच्याबरोबर तीस वर्षे एका ताटातली भाकर वाटून खाल्ली, तिच्यापासून तो आकडा लपविला. का? तर 'तिला कशाला घोर.' हा शब्द मायेचा आहे हे खरे. पण या मायेनेच घात होतो.

येथे तुकोबारायांचे चरित्र आठवावे. तुकोबा देहूचे, घरी महाजनकी, सावकारी, दुकान. दुष्काळ पडला, गुरे मेली, व्यवहार बुडाला, दिवाळे निघाले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. आपल्या शेतकऱ्याने जे भोगले ते सारे त्या संताने भोगले होते. पुढे परमार्थाकडे मन वळल्यावर लोकांकडून येणे असलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेतला एक बारकावा कीर्तनात फार वेळा सुटून जातो. तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा समोर होते. त्यांनी सांगितले की मला संसार आहे, मुलेबाळे आहेत, माझा वाटा मला हवा. मग खतांचे दोन भाग झाले. अर्धी कान्होबांकडे गेली आणि उरलेली आपल्या वाट्याची तेवढी तुकोबांनी पाण्यात सोडली. वैराग्याच्या एवढ्या भरातही तुकोबांनी भावाला बसवून विचारले, त्याचे म्हणणे ऐकले, आणि आपले वैराग्य त्याच्यावर लादले नाही. भावाभावांची वाटणी कशी करावी याचा हा धडा आहे. कान्होबांनीही थोरल्या भावाची साथ सोडली नाही. पुढे ते तुकोबांच्या भजनात टाळ धरून उभे राहिले.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. असे घर सेलू तालुक्यात कोणत्याही गावात सापडेल. पाच एकर कोरडवाहू वावर आहे. घरात घरधनी, त्याची बायको, मुलगा, सून आणि लग्नाची लेक. घरधन्याचे जेवण कमी झाले आहे. तो रात्री खाटेवर उठून बसतो. बायको विचारते, तर 'काही नाही' म्हणतो. एका एकादशीला हरिपाठ झाल्यावर लेक म्हणते,

"बाबा, मले सांगा ना, काय झालं?"

"तुले काय करायचं हाये? तू अभ्यास कर."

"बाबा, तुमी जेवत नाही, तं माया घशाखाली घास कसा उतरीन?"

एवढ्या एका वाक्याने बापाची ताटी उघडते. सोसायटीचे इतके, खाजगी इतके, दुकानदाराचे इतके. आकडा ऐकून घर काही क्षण गप्प होते. मग बायको म्हणते, आमच्या बचत गटातून थोडे उचलता येईल, त्याने त्या जास्त व्याजाच्या सावकाराचे तरी तोंड बंद करू. सून शिकलेली असते. ती म्हणते, बँकेत कर्जाचे हप्ते पाडून मागता येतात, मी येते तुमच्यासंगं. मुलगा म्हणतो, यंदा मोटारसायकल राहू द्या. आणि लेक म्हणते, माझ्या लग्नाला मंडप, बँड, दोन गावच्या पंगती नकोत. सामूहिक सोहळ्यात करा.

यात कर्ज फिटले का? नाही फिटले. पण सकाळपर्यंत जे एकाच्या छातीवर होते ते आता पाच जणांनी उचलले. त्या रात्री घरधनी पोटभर जेवला, आणि सज्जनहो, एवढ्यानेही एखादा जीव वाचतो.

ज्याच्या घरी बोलायला कोणी नाही, किंवा बोलूनही मनातला अंधार जात नाही, त्याने गावातल्या एखाद्या जाणत्याजवळ, टाळकऱ्याजवळ मन मोकळे करावे. आणि सरकारने २०२२ सालापासून 'टेली-मानस' म्हणून १४४१६ हा क्रमांक ठेवला आहे, त्यावर फुकट बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, त्यात लाज वाटत नाही. मनाला ताप आला तर का वाटावी?

'आमच्या घराण्यात नव्हते'

घर बोलू लागले की दुसरी गोष्ट आपोआप होते. बदल दाराशी येऊन उभा राहतो. सून म्हणते, मी नोकरी करीन. मुलगा म्हणतो, दोन एकरात पऱ्हाटीऐवजी दुसरे काही लावू. लेक म्हणते, मला पुढे शिकायचे आहे. आणि मग म्हाताऱ्याच्या तोंडून ते ठरलेले वाक्य निघते, 'हे आमच्या घराण्यात नव्हते.'

या शंकेचे समाधान असे. ज्या पालखीला आपण डोळे भरून पाहतो, ती तरी आपल्या 'घराण्यात' पहिल्यापासून होती का? वारी फार जुनी, ज्ञानोबांच्याही आधीची. पण संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस न्याव्यात, ही रीत तुकोबांचे पुत्र तपोनिधी नारायण महाराज यांनी १६८५ साली घातली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीचा सोहळा स्वतंत्र उभा केला, त्याला शिस्त लावली. त्या काळी कोणी तरी म्हटलेच असेल की हे आमच्या वाडवडिलांनी केले नाही. आज तीच परंपरा झाली. परंपरा म्हणजे साचलेले डबके नव्हे. ती वाहती नदी आहे. नदी काठ सोडीत नाही, पण पाणी रोज नवे असते.

आपल्या वर्ध्याचेच पाहा. वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. तेव्हा केवढी खळबळ झाली! आणि पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आज त्या दारातून सगळे आत जातात आणि देव बाटला असे कोणाला वाटत नाही. जे दार उघडायला आपल्या पूर्वजांना जड गेले, ते उघडे आहे म्हणूनच आज आपण अभिमानाने सांगतो की आमचा विठोबा सर्वांचा.

आणि बदल नेहमी तरुणच आणतो असेही नाही. पैठणात उलटे झाले. महिपतीबुवांनी ती कथा सांगितली आहे. नाथमहाराज प्राकृतात निरूपण करीत, सर्वांघरी जात, सर्वांना जवळ घेत. त्यांचे पुत्र हरिपंडित विद्वान. त्यांना बापाचे हे वागणे रुचेना. रागावून ते काशीला निघून गेले. येथे बाप नवा आणि मुलगा जुना! नाथांनी काय केले? ते स्वतः काशीस गेले. मुलाने अटी घातल्या, की प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या आणि मुलाला घरी आणले. पुढे श्रोते कमी झाले, पैठण सुने वाटू लागले, आणि बापाची योग्यता हरिपंडितांच्या प्रत्ययास आली. तेव्हा त्यांनी आपण होऊन बापाला पूर्ववत वागण्याची विनंती केली. घरात बदल असाच यावा. कोणाला घराबाहेर काढून तो आणू नये. घर एकत्र राहावे, थोडे थांबावे, आणि समोरच्याचे मन आपल्या डोळ्यांनी पाहून वळावे. नाथांनी भारूड लिहिले, भागवत लिहिले. पण मुलासाठी काही काळ गप्प राहिले, हेही त्यांचे मोठे काव्यच म्हणावे.

वीट म्हणजे काय

कोणी विचारील, 'बुवा, म्हणजे येईल तो बदल घरात घ्यायचा काय? पोरगा म्हणेल दारू पितो, तर तेही चालवून घ्यायचे? रात्रभर मोबाईल घेऊन बसतो, तोही बदलच!' शंका रास्त आहे. म्हणूनच तर पुंडलिकाने काय केले ते नीट पाहावे. साक्षात परमात्मा दाराशी आला, तरी पुंडलीक आईबापांचे पाय सोडून धावला नाही, आणि देवाला 'जा, वेळ नाही' असे म्हणून हाकलूनही दिले नाही. त्याने वीट सरकविली. 'यावर उभा राहा. हातातली सेवा झाली की बोलू.' आलेल्याला वीट द्यायची म्हणजे त्याला मानाने उभे करायचे, निरखून पाहायचे, घराच्या सेवेत तो बसतो की नाही हे ठरवायचे. जो बदल देवासारखा असेल तो विटेवर उभा राहतो, घाई करीत नाही. जो चोरासारखा असेल तो थांबत नाही. दारू आणि हुंडा विटेवर उभे करून पाहा; दोघेही चार प्रश्नांतच पळतील.

कसोटी एकच धरावी. घरातले जे सर्वांत दुबळे माणूस, ते या बदलाने उभे राहते की आणखी वाकते? उभे राहत असेल तर तो बदल विठ्ठलाकडून आला असे समजावे.

या कसोटीने दोन गोष्टी पाहू. पहिली, लेकीच्या हिश्श्याची. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून तिला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्माचा हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही तो स्पष्ट केला. पण घरात काय होते? बाप गेल्यावर दिवस होत नाहीत तोच हक्कसोड पत्र पुढे येते, आणि बहिणीला एवढेच सांगतात, 'इथं सही कर.' ती सही करते. कारण नाही केली तर माहेर तुटेल ही भीती असते. काही बहिणी मनापासून सोडतात, त्यांची धन्य आहे. पण मनापासून सोडले की भीतीने सोडले हे कळणार कसे? तिला आधी बसवून विचारले तरच ना! तुकोबांनी कान्होबाला विचारले तसे. हिस्सा घे की सोड, हे सांगणारा मी कोण? पण न विचारता घेतलेली सही ही भाऊबीजेच्या ओवाळणीतून चोरी करण्यासारखी आहे, एवढे मी माळेची शपथ घेऊन सांगतो.

हेच बायकोच्या नावाचे. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या पुढाकाराने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम चालविली, आणि कित्येक गावांत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नावे केला. पुढे शासनानेही सात-बाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. दिवाळीत आपण चित्रातल्या लक्ष्मीची पूजा करतो. पऱ्हाटी वेचणारी, निंदण करणारी लक्ष्मी तर घरातच आहे. तिचे नाव कागदावर आले तर काय बिघडले? उलट उद्या काही बरेवाईट झाले तर तिला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट, नवरा गेलेल्या बाईची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आपल्या गावात नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या रीती बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव ग्रामपंचायत करील. पण त्या दिवशी, त्या घरात, पुढे होऊन हात धरणारी कोण? तर तिचीच सासू, तिचीच जाऊ. मायमाउल्यांनो, हे तुमच्या हातात आहे. वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला कोणी विचारते का, तुझा नवरा आहे की नाही? विठोबाला जे विचारावेसे वाटत नाही, ते हळदीकुंकवाच्या ताटाने का विचारावे?

घरातला काला

आता हे करावे कसे? उपाय आपल्या नित्यनेमातच आहे, नवे काही शिकायला नको. सप्ताहाची समाप्ती काल्याने होते. काला म्हणजे काय? प्रत्येकाने आपापली शिदोरी आणायची, कोणाची भाकर, कोणाचे दही, कोणाच्या नुसत्या लाह्या. सगळे एकत्र कालवायचे आणि मग सर्वांनी खायचे. ज्याची शिदोरी गरीब त्याला मागे बसवीत नाहीत.

घरातही महिन्याच्या दोन एकादशांना, हरिपाठ झाल्यावर, अर्धा तास असा काला करावा. ज्या घरात जागलीची पाळी असेल त्याने दुसरी वेळ धरावी, पण धरावी. पाच नेम पाळावेत. एक, बोलण्याची सुरुवात घरातल्या सर्वांत धाकट्याने करावी, म्हणजे मोठ्यांचे ऐकून त्याने आपले गिळू नये. दोन, एक बोलत असता दुसऱ्याने तोडू नये. कीर्तनात बुवा बोलत असता आपण टाळ वाजवतो का? तीन, घरावरचे देणे आणि घरातले येणे, दोन्ही आकडे घरात सर्वांना ठाऊक असावेत. चार, जुन्या भांडणाचे मढे त्या अर्ध्या तासात उकरू नये. पाच, एका बैठकीत एकच बदल ठरवावा, तो महिनाभर करून पाहावा आणि पुढच्या एकादशीला पुन्हा बोलावे. उठताना मात्र वारीप्रमाणे सर्वांनी एकमेकांच्या पायी लागावे, सासऱ्याने सुनेच्याही. पहिल्या दिवशी लाज वाटेल, हसूही येईल. येऊ द्या. हसणे हाही काल्यातला एक जिन्नस आहे.

असो. विस्तार पुष्कळ झाला. सारांश इतकाच की, ज्या दैवताला आपण भजतो तो रुसलेल्या रखुमाईला शोधीत आला आणि सुधारलेल्या पुंडलिकाच्या घरापाशी थांबला. त्याला घर आवडते. पण ज्या घरात माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, त्या घराच्या दाराशी तो आला तरी त्याला वीट कोण देणार? ज्याला-त्याला वाटते दुसरा देईल. तेव्हा आजच घरी जाऊन ज्याच्याशी बोलणे राहिले आहे त्याच्यापाशी दोन मिनिटे बसा. वारी आषाढात असते; ही वारी आज रात्रीच करावयाची आहे.

सर्व घरांत असा काला होवो, कोणाही घरधन्याला आपला भार एकट्याने न वाहावा लागो, आणि सर्वांच्या दारी विटेवर उभा असलेला तो सावळा नित्य ओळखू येवो, हीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल। श्रीज्ञानदेव तुकाराम। पंढरीनाथ महाराज की जय॥